पावणेतीनची धार

माझे बाबा झोपले आणि म्हणून डॉड रियाक मेला, हे स्कॉटलंडातल्या आमच्या डॅलव्होरी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी शाळेत होते तेव्हा पोरं मला बघितलं की घोरायची. डोळे मिटून, मान खांद्यावर टाकून, शिट्टीसकट. त्यातल्या एकाचा मी दात पाडला, तरी घोरणं थांबलं नाही. आता एक्कावन्न वर्षांची आहे, पण दुकानाच्या रांगेत कुणी जांभई दिली तर अजूनही माझं टाळकं सरकतं.

घडलं ते असं. १९८३च्या मे महिन्यात आमची व्हिस्कीची भट्टी बंद व्हायची होती. मालक लंडनचे. माल फार झाला, खप कमी झाला, म्हणून त्यांनी ज्या भट्ट्यांवर फुली मारली त्यांत आमची आली. शेवटचा दिवस गुरुवार. निम्मी माणसं आधीच कमी केलेली, त्यामुळे बाबा, म्हणजे वॉटी गेडिस, सलग दोन पाळ्या दारू गाळायच्या तांब्याच्या हंड्यापाशी उभे होते. डॉड शेजारच्या खोलीत टाक्या धूत होता. या आंबवणाच्या टाक्या लाकडी, दोन पुरुष खोल. रिकामी केली तरी टाकीच्या तळाशी जड वायू साचून राहतो. तो दिसत नाही, आणि दोन श्वासांत माणूस आडवा होतो. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. टाकीत उतरणाऱ्याने हातातल्या पान्याने भिंतीतून गेलेल्या लोखंडी नळावर ठोकत राहायचं, दर अर्ध्या मिनिटाला दोन ठोके. पलीकडे हंड्यावरचा माणूस ते ऐकत राहणार. ठोके थांबले की त्याने हातातलं टाकून धावायचं. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवायचे.

बाबांनी चौकशीत सांगितलं, की अडीचच्या पुढे स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला. तीनला जाग आली तेव्हा नळ गप्प होता.

सोळा तास उभ्या असलेल्या माणसाला झोप लागली तर दोष त्याला उभं करणाऱ्याचा, असं चौकशीवाल्यांनी लिहिलं आणि ते गेले. गावाने असलं काही लिहिलं नाही. बाबा दुकानात शिरले की बायका पाठ फिरवायच्या. आई वर्षभरात ॲबरडीनला तिच्या बहिणीकडे निघून गेली, ती गेलीच. आम्हालाही गाव सोडावंच लागलं असतं. सोडलं नाही ते एका जेसीकाकूमुळे.

जेसीकाकू म्हणजे डॉडची बायको. तेव्हा एकोणचाळीस वर्षांची, पदरात दोन लहान मुलं. डॉडला पुरून सगळे बाहेर आले तेव्हा चर्चच्या दारात ती बाबांसमोर उभी राहिली आणि सगळ्या गावादेखत म्हणाली, "वॉटी, दमलेला माणूस झोपतो. त्याला कुणी काय करावं?" पुढच्या रविवारी ती बार्लीचं सूप घेऊन आमच्याकडे आली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. चाळीस वर्षं झाली. दोघं डॉमिनो खेळतात, एकमेकांना लबाड म्हणतात आणि डॉडचा विषय काढत नाहीत. बाबांचं या जगात दुसरं कुणी नाही. मी आहे, पण मी पोटची. जेसीकाकू ही त्यांना कुठलाही हक्क नसताना मिळालेली.

मला मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. माझं ठाम मत होतं की बाबा झोपलेच नव्हते. या माणसाला मी कधी खुर्चीत पेंगतानाही पाहिलेलं नाही. डॉड मोठा वांड, नियम मोडण्यात त्याला गंमत वाटायची. तो ठोके न देताच उतरला असणार, आणि मेलेल्या मित्राला, त्याच्या पोरांना कुणी नावं ठेवू नयेत म्हणून बाबांनी ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं असणार. हे मी बारा वर्षांची असताना ठरवलं होतं आणि त्यानंतर कधी तपासून पाहिलं नाही.

आणि याचा पुरावा होता. तो एका पिंपात बंद होता.

मी वासावर पोट भरते. एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत दिवसाला शंभर-दीडशे नमुने हुंगते आणि कुठला बरा, कुठला वाया ते सांगते. तेव्हा हे माझ्याकडून ऐका. हंड्यातून दारू तीन धारांनी येते. पहिली धार तिखट, नेलपॉलिशसारख्या वासाची, ती बाजूला काढायची. मधली ती खरी, पिंपात भरायची. शेवटची पुन्हा बाजूला, कारण तिला ओल्या पुठ्ठ्याचा आणि घामट मोज्यांचा वास. धार एका काच लावलेल्या पितळी पेटीतून वाहते. पेटीला सरकारी कुलूप, भट्टीवाल्याने आत बोटही घालायचं नाही. त्याने बाहेरची दांडी फिरवून धार इकडची तिकडे वळवायची. याला आम्ही धार तोडणं म्हणतो. मधली धार नेमकी कधी संपली, हे ज्याला कळतं तो भट्टीवाला. चुकला, तर तो घामट वास चांगल्या मालात उतरतो, आणि चाळीस वर्षं लाकडात ठेवला तरी माझ्यासारखीच्या नाकातून सुटत नाही.

त्या गुरुवारी धार तुटायची होती पावणेतीनला. नोंदवह्या लंडनवाल्यांनी कुठे फेकल्या कुणास ठाऊक, पण हंड्याला वाफ कधी दिली हे गावात तिघांना पाठ आहे. म्हणजे बाबा खरंच अडीच ते तीन झोपले असतील, तर पाव तास घाण त्या मालात पडली असणार. आदल्या दिवशीच सगळं रिकामं केलेलं, त्यामुळे त्या दिवसाच्या मालात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. त्याची दोन पिंपं भरली. चारशे सोळा नंबरचं गळून गेलं. चारशे सतरा या मालकाकडून त्या मालकाकडे विकलं जात कुठल्या तरी कोठारात पडून होतं, आणि मला त्याच्या जवळपासही कुणी फिरकू दिलं नव्हतं.

मग सप्टेंबरात निनियन लेअर्डचं पत्र आलं. बंद पडलेल्या भट्ट्यांची पिंपं विकत घ्यायची आणि बाटल्या भरून विकायच्या, हा या गृहस्थाचा धंदा. त्याने चारशे सतरा घेतलं होतं. नोव्हेंबरात एका शनिवारी, दुपारी दोनला, आमच्याच गावच्या सभागृहात डॅलव्होरीच्या पाच व्हिस्क्या चाखायचा कार्यक्रम. देशोदेशीचे शौकीन येणार. मिस्टर गेडिस यांनी मानाचे पाहुणे म्हणून यावं. सोबत बाटलीवर लावायच्या कागदाचा नमुना होता. त्यावर स्टुलावर बसलेला एक म्हातारा, टोपी डोळ्यांवर ओढलेली, आणि खाली सोनेरी अक्षरांत नाव: 'झोपलेला भट्टीवाला'.

ते वाचून माझं टाळकंच सरकलं. रागाच्या भरातच मी बाबांकडे गेले. ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते.

"चारशे सतरा उघडतायत," मी म्हटलं.

सुरी थांबली. "ते गळून गेलं."

"सोळा गळालं. सतरा धडधाकट आहे."

"पिण्यासारखं नसेल. चाळीस वर्षं म्हणजे नुसतं लाकूड उतरलं असेल त्यात. ओतून टाका म्हणावं."

"हे बघा काय छापतायत ते."

मी कागद पुढे केला. मला वाटलं भडकतील. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि हसले. "नाक बरं काढलंय," म्हणाले. "छापू दे."

"छापू दे? बाबा, तुम्ही झोपला नव्हता. एकदा त्या पिंपाचा वास मिळाला की मी भर सभेत सिद्ध करीन. धार वेळेवर तुटलीय का नाही, ते लपत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांची मुलगी आहे, पण त्या नजरेने त्यांनी मला त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मला ती भित्री वाटली. चौऱ्याऐंशीचा माणूस, गर्दीला घाबरत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"इशबेल," ते हळूच म्हणाले, "लोकांनी मला झोपवलंय ना, तर झोपू दे. तुझं काय जातं?"

"माझं सगळं बालपण गेलं," मी म्हटलं. ते पुन्हा बटाटा सोलायला लागले. नंतर पाहिलं तर त्यांनी तो बटाटा सोलत सोलत लिंबाएवढा करून ठेवला होता.

पुढचे दोन महिने त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त रविवारी जेसीकाकू उठायला लागली की तिला थांबवायचे. "आणखी एक डाव." अंधार पडायचा, ती म्हणायची, "अरे, मला घर आहे का नाही?" तरी म्हणायचे, "एकच." मला ते बघून बरं वाटायचं.

तो शनिवार उजाडला तो कडक थंडीचा. गवत पांढरं, स्पे नदीवरून धुकं उठत होतं आणि दुपार झाली तरी विरेना. बाबांनी अंत्यविधीला घालायचा सूट घातला होता. दाढी करताना दोन ठिकाणी कापून घेतलं होतं.

गाडीत म्हणाले, "परत फिरू या."

"दोन मिनिटांवर आलंय."

"माझं पोट बरं नाही."

"बाबा, लहान मुलासारखं करू नका. जेसीकाकू वाट बघत असेल."

"जेसी?" ते एकदम ताठ झाले. "तिला कुणी बोलावलं?"

"निनियनने. पहिल्या बाटलीचं सील ती तोडणार आहे."

गाडी चालू असताना त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. मी ओरडले तेव्हा त्यांनी तो मांडीवर घेतला.

सभागृहात साठेक माणसं होती. जर्मन, जपानी, दोन तैवानी, बाकी आपले. प्रत्येकापुढे पाच पेले, पाण्याचा लहान जग, ओटची बिस्किटं. पुढच्या टेबलावर आम्ही तिघं. जेसीकाकूने निळा कोट घातला होता, केस सेट करून आली होती. तिचे वडील हंड्यावर होते, आजोबाही. स्वतः फार पीत नाही, पण मालातलं तिला माझ्याइतकंच कळतं, आणि ते तिने कधी मिरवलं नाही.

"काय रे वॉटी, तोंड असं का? कुणी मेलं का?" ती म्हणाली.

"थंडी आहे," बाबा म्हणाले.

मागच्या टेबलावरून अल्फी ग्रँट वाकला. अल्फी पूर्वी भट्टीत पिंपं बांधायचा. "वॉटी, ही माणसं हे पिण्यासाठी जपानवरून आलीत. आपण तांब्याच्या नळीत भरून विजारीच्या पायात घालून चोरून न्यायचो, आठवतंय? आज तिथेच लेबल लावून विकली असती."

"तुझ्या विजारीतली कुणी घेतली नसती," जेसीकाकू म्हणाली. सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

निनियन लेअर्ड पुढे आला. गुळगुळीत माणूस. चौकडीचं लोकरी जाकीट, आवाज तुपातला. त्याने पहिला पेला उचलला, सगळ्यांनी उचलला. १९६४चा माल. धूर नाही, मध आणि सुकं गवत. दुसरा ७१चा, जरा कडक, संत्र्याच्या सालीसारखा. लोक माना हलवत होते, वहीत लिहीत होते. तिसऱ्याला निनियनने भट्टीचा इतिहास सांगितला, अर्धा चुकीचा. चौथा ८०चा, त्यात मला पहिल्यांदा बाबांचा हात ओळखू आला. धार अशी नेमकी तुटलेली की गोडवा संपतो आणि पुढे काहीच उरत नाही, नुसती स्वच्छ जागा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वळून म्हटलं, "ही तुमची."

"हं," बाबा म्हणाले. चारही पेल्यांना त्यांनी हात लावला नव्हता. दोन्ही हात टेबलाखाली होते.

"आणि आता," निनियन म्हणाला, "जिच्यासाठी आपण जमलोय ती. १९८३, मे. डॅलव्होरीची शेवटची धार. त्या दुपारी काय झालं ते आपण सगळे जाणतो. एक माणूस दमून झोपला, एक माणूस गेला, आणि आज चाळीस वर्षांनी त्यांचे जिवलग आपल्यात बसलेत." त्याने जेसीकाकूला हात दिला. तिने उठून सील तोडलं. ओठ घट्ट मिटलेले होते, पण हात स्थिर होता. टाळ्या झाल्या. मला तो माणूस उचलून आपटावासा वाटला.

पेले भरले. मी नाक खाली नेलं.

पहिल्यांदा जुनं लाकूड. मग पिकलेली नासपती, मेण, थोडी लवंग. मी थांबले. घाम शोधला. ओला पुठ्ठा शोधला. पाण्याचे दोन थेंब टाकले, कारण पाणी पडलं की लपलेली घाण वर येते. काही नाही. घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला, तोंड उघडून श्वास घेतला. शेवटपर्यंत निर्मळ. असा माल माझ्या हातून तीस वर्षांत गेला नव्हता. सभागृहात कुजबुज उठली, मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे वाजवायला लागले.

मी उभी राहिले.

"मिस्टर लेअर्ड, तुमच्या बाटलीवरचं नाव खोटं आहे."

"इशबेल, बस," बाबा म्हणाले.

"चाळीस वर्षं बसले. आता नाही." माझा आवाज चढला होता, चढू दिला. "मी गेडिसची मुलगी. धंद्याने नाक आहे. ही धार पावणेतीनला तुटायची होती. हंड्यावरचा माणूस अडीच ते तीन झोपला असता तर या पेल्याला मोज्यांचा वास आला असता. येतोय कुणाला? अल्फी, येतोय?"

अल्फीने पुन्हा नाक घातलं. "नाही बुवा," तो सावकाश म्हणाला. "ही वेळेवर तुटलीय. मिनिटावर."

"मिनिटावर! म्हणजे वॉटी गेडिस जागा होता. दांडीवर हात ठेवून उभा होता. डॉडकाका ठोके न देताच टाकीत उतरला, आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून माझ्या बापाने झोपेचं सोंग पत्करलं. जेसीकाकू, मला माफ करा, पण हे एकदा तरी कुणी बोलायला हवं होतं."

आता मागच्या टेबलांवरचे गावकरी एकमेकांकडे बघायला लागले. ज्याचा मी दात पाडला होता तोही त्यांत होता, टकला झालेला. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा थरथरत होता. मला वाटलं, आनंदाने.

जेसीकाकूच्या हातात पेला होता. तिने तो नाकाशी धरला होता, आणि बराच वेळ धरून ठेवला होता. मग खाली ठेवला.

"तो ठोकत होता," ती म्हणाली.

"काय?"

"डॉड. मी पोरांना शाळेतून आणायला चालले होते. अडीच वाजून गेले होते. भट्टीच्या मागच्या भिंतीशी आले आणि ठोके ऐकले. दोन, मग दोन. मनात म्हटलं, आज शहाण्यासारखा वागतोय." ती माझ्याशी बोलत होती पण बघत बाबांकडे होती. "मला कुणी विचारलं नाही कधी. आणि विचारून काय करायचं होतं? ऐकणारा झोपला होता."

सभागृहात अजून बडबड चालू होती. परदेशी लोकांना काही कळलेलं नव्हतं, एक जर्मन बाई वहीत काहीतरी लिहीत होती.

"वॉटी," जेसीकाकू म्हणाली. "तू जागा होतास?"

मी म्हणाले, "काकू, कदाचित तुम्ही आदल्या दिवशी..."

"तू गप्प बैस, पोरी. वॉटी?"

"होतो," बाबा म्हणाले.

"ठोके थांबलेले कळले तुला?"

"कळले."

"कधी?"

"पावणेतीनला पाच मिनिटं कमी." त्यांना आठवावं लागलं नाही. "त्या आठवड्यात त्याने दोनदा मला धावायला लावलं होतं, जेसी. मी दारात पोचलो की हा खाली बसून खो खो हसायचा. मला वाटलं, पुन्हा तेच."

"वाटलं?"

बाबांनी दोन्ही हात टेबलावर आणले. "अर्धं वाटलं. अर्धं नाही वाटलं. धार तुटायला आली होती. मी गेलो असतो तर घाण झाली असती. शेवटची होती. त्या हंड्यातून पुन्हा कधी काही निघणार नव्हतं. मी म्हटलं, एवढी तोडतो आणि जातो."

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं. मग धावलो. तोंडाला ओलं फडकं बांधून खाली उतरलो. तो हलत नव्हता."

"घड्याळ बघत होतास."

"हो."

जेसीकाकूने मान हलवली. कुणी रस्ता सांगितल्यावर हलवावी तशी. मग तिने कोटाची बटणं लावली, एकेक, वरपर्यंत, आणि टेबलाला धरून उठली. निनियन धावत आला, "मिसेस रियाक, फोटो..." त्याच्याकडे तिने बघितलंही नाही.

मी तिच्यामागे बाहेर धावले. धुक्यात ती रस्त्याच्या कडेने चालली होती, बर्फाळ गवतावरून, जपून पाय टाकत.

"काकू, थांबा. मी गाडीने सोडते."

"नको."

"घसराल."

"घसरले तर घसरले."

"माझं चुकलं. मी हे बोलायलाच नको होतं."

ती थांबली. तिचा चेहरा मला एवढा म्हातारा कधी दिसला नव्हता. "तुझं कसलं चुकलं? तू बापासाठी भांडलीस." मग म्हणाली, "मला काय वाटायचं, सांगू? वाटायचं, डॉड त्या तळाशी पडला तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मी रस्त्यावर होते, वॉटी झोपला होता, देवाचंही लक्ष नसेल. ते सोसता येतं, पोरी. सोसलं मी. पण ठाऊक होतं. भिंतीच्या पलीकडे एका माणसाला ठाऊक होतं."

"ते रोज मरत होते काकू, चाळीस वर्षं."

"माझं सूप पीत होता," ती म्हणाली.

मी तिथेच उभी राहिले. रविवारी येणार का, हे विचारायचं धाडसच झालं नाही. ती वळणावर दिसेनाशी झाली, तरी तिच्या पावलांखाली गवत मोडल्याचा आवाज थोडा वेळ येत होता.

आत आले तर लोक निघायला लागले होते. निनियन फोनवर कुणाला तरी सांगत होता, की नाव बदलावं लागेल, पण गोष्ट आता आणखी जोरात आहे. अल्फी खुर्च्या एकावर एक रचत होता आणि आमच्या टेबलाकडे पाठ करून होता.

बाबा जागेवरच बसले होते. मी ठरवून आले होते की त्यांना जवळ घ्यायचं, घरी न्यायचं, म्हणायचं की मी आहे. मी दोन पावलांवर होते तेव्हा त्यांनी पाचवा पेला उचलला. त्र्याऐंशीतल्या त्या दुपारपासून त्यांनी डॅलव्होरीचा थेंबही तोंडाला लावला नव्हता. पेला उजेडात धरला, कलता करून काचेवरून उतरणारे ओघळ बघितले. मग नाक आत घातलं, डोळे मिटून, धंदेवाईक माणूस घालतो तसं. एक घोट घेतला.

मी दिवसभर माणसांचे चेहरे बघते, पेला नाकापासून दूर करतानाचे. त्या वेळी माणूस खोटं बोलू शकत नाही. बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तरी त्या सगळ्याच्या मधोमध, क्षणभरच, मला समाधान दिसलं.

त्यांनी मला पाहिलं आणि पेला घाईने खाली ठेवला.